पर्सीचं खोटं काडतूस

आमच्या व्हिटबीत बंदुका विकणारा एकच मराठी माणूस आहे आणि तो माझ्या समोरच्या घरात राहतो. पर्सी तुस्कानो. वसईचा, वय सहासष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. गावाच्या उत्तरेला शिकारीच्या आणि मासेमारीच्या सामानाचं गोदामाएवढं दुकान आहे. त्याच्या पार शेवटच्या टोकाला बंदुकांचं काउंटर, आणि त्या काउंटरमागे गेली बावीस वर्षं पर्सी उभा आहे. उभा म्हणजे खरोखरच उभा, कारण तिथे बसायला साधं स्टूलही नाही. सिमेंटच्या फरशीवर एक रबरी मॅट आहे, तीही त्याच्या बुटांखाली झिजून पातळ झालीय. संध्याकाळी घरी आला की आधी गाडीतच पाच मिनिटं बसून राहतो. मी खिडकीतून बघतो आणि मनात म्हणतो, उतर बाबा, घर आलं.

आता मी बंदुकांबद्दल लिहायचं म्हणजे कमालच. पुण्यात तीस वर्षं मी कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं दिली आणि परत घेतली. उभ्या जन्मात मी झुरळ मारलं नाही. ते काम आमच्या घरी माझी बायको सीमा करते. मुलाकडे राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात पर्सी न सांगता-सवरता आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून जायचा. तिसऱ्या दिवशी मी दार उघडून इंग्रजीत आभार मानले तर तो म्हणाला, "शरदभाऊ, आत जा, कानाला वारं लागेल." चर्चच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस. माझी नातवंडं मला इंग्रजीतून उत्तरं देतात, आणि मराठीत भांडायचं असेल तर मला रस्ता ओलांडून तुस्कानोंकडे जावं लागतं.

त्याचा धंदा मला पसंत नाही, हे मी त्याला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. त्याने वाद घातला नाही. तो वसईहून आला तेव्हा शेजारच्या ऑशवा गावात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लेथवर होता. कारखाना बंद पडला. दुकानात माणूस हवा होता. एवढीच हकिकत. मग लायसन्स काढलं, हरणाच्या शिकारीला जाऊ लागला, बंदूक खोलून जोडायला शिकला. हाताचं काम होतं, हाताला जमलं. गिऱ्हाइकाने रायफल मागितली की कपाटाचं कुलूप काढायचं, रायफल उघडून आत काडतूस नाही ना ते एकदा डोळ्याने आणि एकदा करंगळीने बघायचं, आणि मगच ती दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे करायची. दिवसातून पन्नास वेळा हेच. कुठे जाणार, काय मारणार, केवढ्यापर्यंतची हवी, हे तीन प्रश्न. संपलं.

मार्च महिन्यात, रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे ढीग अजून पडलेले असताना, उन्मेष देवपुजारी त्याच्याकडे आला. हा नागपूरचा, राहणार ओकव्हिलला, सॉफ्टवेअरमधला मोठा साहेब, वय पंचेचाळीस. त्याच्या ऑफिसातला कुणी गोरा वरिष्ठ दरवर्षी शिकारीला जातो आणि सोमवारी फोटो दाखवतो. उन्मेषने दोन वर्षांत लायसन्स काढलं, एक हरीण मारलं, आणि आता त्याला पार उत्तरेकडच्या युकॉनला जाऊन तपकिरी अस्वल मारायचं होतं. तिकडे बाहेरच्या माणसाला वाटाड्याशिवाय अस्वलामागे जाता येत नाही. त्यामुळे वाटाडे पुरवणारी कंपनी गाठायची, तिच्या तळावर दहा दिवस राहायचं, असा बेत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी त्याला सांगितलं, व्हिटबीच्या दुकानात आपला माणूस आहे. "आपला माणूस" हे शब्द ऐकले की पर्सी आधी घड्याळ बघतो. कारण आपला माणूस म्हटलं की लोक तास-दोन तास उभं करतात, सगळं विचारून घेतात आणि शेवटी ऑनलाइन मागवतात.

उन्मेष मात्र विकत घ्यायलाच आला होता. येताना लॅपटॉप घेऊन आला. त्यात चौदा रायफलींचा तक्ता. कुठल्या गोळीत किती जोर, तीनशे मीटरवर त्यातला किती उरतो, गोळी किती खाली पडते, सगळे रकाने भरलेले. माझ्या जावयाने मुलीसाठी शाळा निवडताना असाच तक्ता केला होता. त्या तक्त्यात सगळ्यांच्या डोक्यावर बसली होती थ्री सेव्हन्टी फाइव्ह. ही आफ्रिकेत रानरेडे मारायला वापरतात अशी रायफल. काडतूस मधल्या बोटापेक्षा लांब.

पर्सीने त्याला एकदाच म्हणून बघितलं, की अस्वलाला थर्टी ओ सिक्सही चालते. ती साधी रायफल आहे, इथे निम्म्या घरांत असते. त्यात हाडावर आपटून फुटणार नाही अशी जड गोळी घातली की झालं. बहुतेक कंपन्याही आपल्या पत्रात तेच लिहितात, की कमीत कमी थर्टी ओ सिक्स आणा, आणि जी तुम्हाला नीट चालवता येते तीच आणा. पण कमीत कमी हा शब्द आपल्या लोकांना सोसत नाही. पस्तीस मार्क म्हणजे कमीत कमी. पस्तीस मार्क मिळवून कुणी नागपूरहून ओकव्हिलला येत नाही. उन्मेष हसला आणि म्हणाला, "काका, मिनिमम कशाला? अस्वल आहे ते." आणि पर्सी, ज्याचे गुडघे त्या वेळी सहा तास उभं राहून ठणकत होते, त्याने वाद घातला नाही. कपाटाचं कुलूप काढलं, करंगळी घालून बघितली आणि थ्री सेव्हन्टी फाइव्ह दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली.

इथवर तसं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढच्या पाच मिनिटांत, आणि पर्सीच्या स्वतःच्या तोंडाने. उन्मेषने विचारलं, काका, कंपनी कुठली चांगली? पर्सीने त्याला स्टीव्हनच्या तळाचं नाव सांगितलं.

स्टीव्हन हा पर्सीचा मुलगा. वय एकतीस, युकॉनमध्ये वाटाड्या म्हणून काम करतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि तिकडच्या व्हाइटहॉर्स गावी निघून गेला. तीन नाताळ घरी आलेला नाही. भांडण वगैरे नाही, नुसता येत नाही. फोन केला की आईला "आय ॲम गुड, ममा," म्हणतो आणि पाच मिनिटांत ठेवतो. पर्सीच्या बायकोचा, पॉलिनचा, जीव त्याच्यात अडकलेला. तळावर टपाल जात नाही, छोटं विमान जातं. त्यामुळे पर्सीच्या डोक्यात काय आलं असेल? तेच, जे आपल्या कुठल्याही माणसाच्या डोक्यात येईल. हा तिकडे जाणार, तर याच्याबरोबर काहीतरी पाठवता येईल. पॉलिनने कुटलेला मसाला, सुकट, लोकरीचे मोजे. आणि परत आला की पोराची खुशालीही डोळ्याने बघून सांगेल. जगात कुणी कुठेही निघालं की त्याच्या बॅगेत आपला डबा कोंबायचा, ही आपली जुनी खोड. मीही सीमाच्या बहिणीला विनिपेगला जाणाऱ्या अनोळखी मुलाबरोबर लोणचं पाठवलंय. पर्सीने डब्यासाठी गिऱ्हाईक पाठवलं. कंपनीने सप्टेंबरचे दहा दिवस दिले आणि वाटाड्या म्हणून नाव आलं, स्टीव्हन तुस्कानो. पॉलिन त्या रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली.

उन्हाळाभर उन्मेष पर्सीला फोनवर फोटो पाठवायचा. निशाणाच्या कागदावर गोळ्यांची भोकं एकमेकांना चिकटलेली, वाटीने झाकावीत इतकी जवळ. पर्सी खूश. मला दाखवायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण भोकं जवळ असणं चांगलं एवढं समजलं. मग जुलैत एका रविवारी पर्सी म्हणाला, चला शरदभाऊ, त्याला बघून येऊ, तुम्हालाही हवा लागेल. मी म्हटलं मी कशाला, बंदुकीचा आवाज ऐकून माझं बीपी वाढेल. पण सीमाकडे भिशी होती आणि बेसमेंटमध्ये बसण्यापेक्षा बरं म्हणून गेलो.

रेंज म्हणजे शेतांच्या पलीकडे एक मोकळं मैदान, टोकाला मातीचा उंच बांध. उन्मेषने टेबलावर एक लोखंडी चौकट मांडली होती. तिच्यात रायफल टेकवायची, मागे शिश्याच्या जड पिशव्या ठेवायच्या, आणि नुसता चाप ओढायचा. बंदुकीचा धक्का चौकट खाते, माणसाच्या खांद्याला काहीच लागत नाही. उन्मेष मला समजावून सांगत होता, "काका, रिकॉइल हा व्हेरिएबल मी काढूनच टाकला." मला ते पटलं. मी मान डोलावली. पर्सीकडे बघितलं तर त्याचा चेहरा पांढरा पडलेला.

चौकट उचलून त्याने बाजूला ठेवली. आपली पाठीवरची पिशवी जमिनीवर टाकली आणि उन्मेषला म्हणाला, खाली बस, पिशवीवर रायफल टेकव, रानात असंच असतं. काडतूस मात्र प्रत्येक वेळी तो स्वतः भरून देणार होता. पहिली गोळी उडाली. आवाज अडवायला कानावर मफ असूनही माझ्या छातीत धप्प झालं. उन्मेष अख्खा मागे सरकला आणि हसायचा प्रयत्न करत खांदा चोळू लागला. कागदाला गोळी लागलीच नव्हती. पर्सीने दुसरं काडतूस भरलं.

हे दुसरं काडतूस खोटं होतं. वरून हुबेहूब तसंच, पण आत दारू नाही. पर्सी ती घरी बनवतो. पूर्वी दोन्ही पोरांना बंदूक शिकवताना त्याने बनवली होती. मुलीने, ग्लेन्डाने, दोन दिवसांत नाद सोडला, स्टीव्हनला महिनाभर त्यावर घोटलं. चालवणाऱ्याला माहीत नसतं की आत काय आहे. त्याने चाप ओढला की नुसता खट्ट आवाज येतो, धक्का नाही, धूर नाही, आणि मग त्या माणसाचं अंग काय करतं ते लख्ख दिसतं.

उन्मेषने डोळा लावला, श्वास सोडला, चाप ओढला. खट्ट. आणि बंदुकीची नळी वीतभर खाली गेली. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते, खांदा वर आलेला, मान आत ओढलेली. दगड लागणार म्हणून अंग चोरणाऱ्या माणसासारखा तो दिसत होता. मग उन्मेषने डोळे उघडले आणि नळीकडे बघितलं. त्यालाही कळलं.

पर्सीने आणखी पाच वेळा तेच केलं. कधी खरं, कधी खोटं. खोटं असलं की दर वेळी नळी खाली.

आता हे माझ्यासारख्याला कळायला वेळ लागला, म्हणून सांगतो. मोठी बंदूक घेऊन माणूस अस्वलाला गोळी मारतो, पण धक्क्याच्या भीतीने नळी खाली जाते आणि गोळी खांद्यात न बसता पोटात नाहीतर पायात बसते. अस्वल मरत नाही. ते विलो नावाच्या दाट झुडपांत शिरतं आणि तिथे बसून राहतं. जखमी अस्वल तसंच सोडून यायचं नाही, हा तिकडचा नियम. कुणीतरी आत जायचं. पैसे भरून आलेल्या माणसाने बाहेर थांबायचं आणि आत जायचं ते वाटाड्याने. म्हणजे या बाबतीत स्टीव्हनने.

पर्सीने त्याला सांगितलं की ही रायफल विसर. माझी थर्टी ओ सिक्स देतो, लायसन्स आहे तुझ्याकडे, घेऊन जा. जड गोळीची काडतुसंही देतो. आजपासून दर रविवारी इथे यायचं, जमिनीवर बसून चालवायची, चौकट घरी ठेवायची. उन्मेषचा चेहरा उतरला होता आणि उतरलेल्या चेहऱ्याचा माणूस वाकडाच बोलतो. तो म्हणाला की त्याने सगळा अभ्यास केलाय, लहान गोळी अस्वलाला पुरत नाही असं तज्ज्ञ लोक म्हणतात, आणि मुळात ही रायफल काकांनीच विकली, तेव्हा का नाही बोलले? प्रश्न बिनतोड होता. मलाही वाटलं की पर्सीने आता गप्प बसावं. एवढा शिकलेला माणूस, दहा दिवसांची सुट्टी काढून चाललाय, त्याचा असा पाणउतारा कशाला? मनातल्या मनात मी उन्मेषच्या बाजूने होतो. आज त्याची मला लाज वाटते.

पर्सी काउंटरवर कधी आवाज चढवत नाही, इथेही चढवला नाही. "उन्मेष," तो म्हणाला, "तू बाहेर थांबशील. त्या झुडपात माझा मुलगा जाईल."

उन्मेषला वाटाड्याचं नाव पत्रात आलं होतं, पण तुस्कानो म्हणजे हेच तुस्कानो, हे पर्सीने त्याला सांगितलं नव्हतं. डबा जायच्या आदल्या दिवशी सांगू म्हणून ठेवलं होतं. उन्मेषने हातातली रायफल उघडली, रिकामी केली, कुलूप लावलं आणि पेटीत ठेवली. "रविवारी किती वाजता येऊ?" एवढंच त्याने विचारलं.

पुढचे सात रविवार आम्ही तिघं त्या मैदानात काढले. पर्सी चर्चमध्ये नऊच्या मिसाला जाऊन यायचा, उन्मेष ओकव्हिलहून गाडी हाकत यायचा, आणि मी फोल्डिंगची खुर्ची आणि सीमाने दिलेला चहाचा थर्मास घेऊन मागे बसायचो. उन्मेषचा हट्ट उतरला होता. खरं सांगायचं तर मला तो आवडायला लागला. सांगितलं की करायचा. पर्सी काडतूस भरायचा, उन्मेष चाप ओढायचा, मी नळीकडे बघायचो. नळी जागेवर राहिली की पर्सी काही बोलायचा नाही. खाली गेली की तो "पुन्हा," म्हणायचा. जमिनीवर वाकून, उठून, परत वाकून पर्सीच्या गुडघ्यांचे हाल व्हायचे. सोमवारी तो काउंटरवर एका हाताने काचेला धरून उभा राहायचा, असं पॉलिन सांगायची. सुट्टी काढ म्हटलं तर म्हणायचा, सप्टेंबरनंतर.

सुधारणा झाली. पाचातल्या तीन गोळ्या जिथे हव्यात तिथे, मग पाचातल्या चार. पण ती पाचवी काही जाईना. चार वेळा उन्मेषचं अंग शांत राहायचं आणि पाचव्या वेळी, ती केव्हा येईल कोण जाणे, नळी खाली. कधी पहिलीच गोळी ती पाचवी असायची. धक्का आता लहान होता, पण भीती मोठ्या बंदुकीने आधीच शिकवून ठेवलेली. पर्सी म्हणाला, भीती एका दिवसात अंगात शिरते आणि निघायला वर्ष घेते. वर्ष नव्हतं. दोन आठवडे होते.

त्याने उन्मेषला थेट सांगितलंही, की पुढच्या वर्षी जा. कंपनी तारीख बदलून देईना. उन्मेष म्हणाला, मी नाही मारणार शंभर मीटरच्या पलीकडे, शब्द देतो. यापुढे पर्सीच्या हातात काही उरलं नव्हतं. एकच राहिलं होतं, स्टीव्हनला सांगणं. शनिवारी दुपारी, स्टीव्हन तळावरून व्हाइटहॉर्सला आलेला असताना, पर्सीने फोन लावला. मी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो, पॉलिन डब्यात मसाला भरत होती. पर्सीने स्पीकर लावला आणि पोराला सगळं सांगितलं. चौकट, खोटं काडतूस, पाचवी गोळी. मीच पाठवलाय त्याला, मीच ती मोठी रायफल विकली, तू दुसऱ्या कुणाला तरी त्याच्याबरोबर दे, असंही सांगितलं.

स्टीव्हनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॅड, इट्स ओके. दे आर ऑल लाइक दॅट." सगळेच तसे असतात. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. आठवड्याची भाजी कुठून आणतो ते सांगावं तसं त्याने सांगितलं, की दर दहा दिवसांनी एक नवा येतो, नवीकोरी मोठी रायफल घेऊन, आणि तळावर पहिल्या दिवशी कागदावर गोळी मारायला सांगितली की तिथेच कळतं. कधी नीट होतं, कधी नाही. गेल्या साली दोनदा आत जावं लागलं. त्याने ते आईला सांगितलं नव्हतं, आज चुकून बोलून गेला. पॉलिनच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग तो नेहमीप्रमाणे, आय हॅव टू गो, म्हणाला आणि फोन ठेवला.

मला वाटलं, पर्सीच्या डोक्यावरचं ओझं थोडं उतरलं असेल. एकटा आपला उन्मेषच वाईट नाही, सगळेच तसे, आणि पोरगा सरावलेला आहे. मी तसं बोलूनही दाखवलं. पर्सीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी चहाचा कप ठेवून घरी आलो. त्यानंतरच्या दिवसांत तो माझ्याशी फारसा बोलला नाही. गाडीत पाच मिनिटं बसायचा ते पंधरा मिनिटं बसू लागला. पॉलिनने एकदा जाऊन काच वाजवली.

सप्टेंबरचे ते दहा दिवस कसे गेले ते मी सांगत नाही, कारण त्यांत काही घडलंच नाही. तळावरून फोन लागत नाही. पॉलिन रोज सकाळी मिसाला जायची. पर्सी कामावर जायचा, यायचा. अकराव्या दिवशी कंपनीकडून स्टीव्हनचा दोन शब्दांचा मेसेज आला, ऑल गुड. पॉलिन रडली. पर्सीने मेसेज तीनदा वाचला आणि बर्फ नसताना गाडीचे विंटर टायर बाहेर काढून बसला.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर उन्मेष रायफल परत द्यायला तुस्कानोंकडे आला, मीही तिथेच होतो. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, वजन उतरलेलं. अस्वल मारलं नव्हतं. ऑफिसात सगळ्यांनी फोटो मागितला आणि याच्याकडे डोंगरांचे फोटो. चिडलेला होता आणि थकलेलाही होता, आणि दोन्ही लपवत नव्हता.

त्याने जे सांगितलं ते असं. सहा दिवस नुसता पाऊस आणि चालणं. सातव्या दिवशी संध्याकाळी उतारावर अस्वल बेरी खाताना दिसलं. सरपटत सरपटत हे दोघं नव्वद मीटरवर गेले. स्टीव्हनने आपली पिशवी जमिनीवर टाकली, याने त्यावर रायफल टेकवली. अस्वल आडवं उभं राहिलं, खांदा समोर. खाली दहा पावलांवर झुडपं. स्टीव्हन पुटपुटला, नाउ. आणि उन्मेषच्या मनात आलं, ही त्या चारांतली आहे की पाचवी? त्याला कळेना. त्याने पुष्कळ वेळ डोळा लावून ठेवला. हात थरथरत नव्हते, श्वास ठीक होता, पण कळेना. मग त्याने चापावरचं बोट काढलं आणि मान हलवली. स्टीव्हनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. अस्वल आणखी थोडा वेळ खात राहिलं आणि निघून गेलं. नंतरच्या तीन दिवसांत दुसरं दिसलं नाही.

"काका," उन्मेष म्हणाला, "तुम्ही ते खोटं काडतूस घातलंच नसतं, तर मी त्या दिवशी चाप ओढला असता."

पर्सी म्हणाला, "हो." आणि मग उठून, गुडघ्यांवर जोर देत, त्याने उन्मेषचा हात दोन्ही हातांत धरला आणि धरूनच ठेवला. इतका वेळ, की उन्मेष अवघडला. मी पर्सीला वर्षानुवर्षं ओळखतो, मी त्याला असं कुणालाही धरताना बघितलं नव्हतं. पॉलिनने पोराचं विचारलं. उन्मेषने सांगितलं, मजेत आहे, मसाल्याचा वास घेतला आणि हसला, सुकट त्याच रात्री तळली आणि मलाही दिली. बोलत फार नाही पण माणूस सोन्यासारखा. पॉलिनचा चेहरा फुलला. खोलीतली हवा हलकी झाली. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे, आता पर्सी, तू सुट्टी काढ.

उन्मेष चहा घेत म्हणाला की निघायच्या सकाळी गंमत झाली. त्याला न्यायला आलेलं विमान पुढच्या पाहुण्याला घेऊन आलं होतं. टेक्सासचा कुणी, साडेसहा फूट, धिप्पाड माणूस. तलावाच्या काठावर उतरल्या उतरल्या त्याने पेटी उघडून स्टीव्हनला रायफल दाखवली. थ्री सेव्हन्टी फाइव्ह, अगदी उन्मेषने घेतलेली तशीच, दुकानाची चिठ्ठीसुद्धा अजून दोऱ्याने लटकत होती. स्टीव्हनने ती हातात घेतली, चांगली आहे म्हणाला, त्या माणसाची बॅग उचलली आणि दोघं तंबूकडे गेले.

पर्सीने कप खाली ठेवला. तो माणूस आजही तिथेच असेल, हा चौथा दिवस, एवढा हिशोब आम्ही सगळ्यांनीच मनात केला असावा. पॉलिन उठून आत गेली.

"त्याला चालवता येते का ती?" पर्सीने विचारलं.

"काय माहीत," उन्मेष म्हणाला. "मी नाही विचारलं."

"मीही नाही विचारलं कधी," पर्सी म्हणाला. "बावीस वर्षांत एकालाही नाही."